फॅरोच्या घरी सोयरीक

माझ्या व्याह्यांचं घराणं इजिप्तच्या फॅरोच्या लेकीपासून सुरू होतं, हे मला लग्न ठरायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी दोन प्रश्न जास्त विचारले असते. अर्थात मला विचारतं कोण. लेक ग्लासगोत जन्मली, तिथेच वाढली, आणि एका शनिवारी लालसर केसांच्या उंच मुलाला घेऊन घरी आली. म्हणाली, "आई, हा माझा पार्टनर आहे, आणि हा वरणभात आवडीने खाते." मुलगा खाते. तिचं मराठी असंच आहे, सुधारायचं मी केव्हाच सोडून दिलंय. मुलगा खरंच वरणभात खायचा, वर लिंबू मागून घ्यायचा, आणि मला 'आई' म्हणायचा. अशा मुलाला नावं ठेवायला मला तरी काही सापडलं नाही.

आम्ही पुण्याहून आधी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आलो, दोन वर्षांसाठी. मग यांच्या कंपनीने ग्लासगोला पाठवलं आणि ती दोन वर्षं संपलीच नाहीत. मी इथे कौन्सिलच्या लायब्ररीत बावीस वर्षं नोकरी केली. दर बुधवारी आमच्याकडे लोक आपले पूर्वज शोधायला यायचे. बरेचसे कॅनडा-अमेरिकेतून आलेले, रेनकोट घातलेले, डोळ्यांत सरदार आणि किल्ले. मी त्यांना रेकॉर्ड कसं बघायचं ते शिकवायचे. तासाभरात त्यांचा सरदार कोळशाच्या खाणीत उतरायचा आणि आजी कुणाच्या तरी घरी भांडी घासायची. काही जण हसायचे, काही माझ्यावरच चिडायचे. मला त्या कामात मजा यायची, हे कबूल करते. दुसऱ्याचं खोटं पकडण्यात एक गोडी असते, आणि ती माझ्यात जरा जास्तच आहे.

व्याही फाइफच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेत लाकूडकाम शिकवायचे, आता निवृत्त. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा बसायच्या खोलीत भिंतभर एक वंशवृक्ष लावलेला होता, शाईने स्वतः काढलेला. सगळ्यात खाली मुळाशी एक होडी, आणि होडीत डोळ्यांत काजळ घातलेली बाई.

"ही आमची मूळ आजी," ते म्हणाले, "फॅरोची मुलगी."

मग सूप थंड होईपर्यंत गोष्ट. फॅरोने ही लेक उत्तरेकडच्या एका राजपुत्राला दिली. पुढे देशावर संकटं आली, फॅरो समुद्रात बुडाला, आणि या दोघांना लोकांनी हाकलून दिलं. होडीत बसून ती स्पेनला, तिथून तिची मुलं आयर्लंडला, तिथून इकडे. बरोबर एक दगड आणला, ज्याच्यावर पुढे इथले राजे बसले. इथल्या देशाचं नाव तिच्यावरून पडलं. आणि तिच्या धाकट्या मुलाची जी शाखा, ते आम्ही.

मी लायब्ररीवाली. मला ही कथा ठाऊक होती; जुन्या भिक्षूंनी इंग्लंडच्या राजाला खिजवायला रचलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखालून यांनी माझ्या पायावर पाय दिला. मग मी वेगळंच बोलले. म्हटलं, "आमचे पूर्वजही समुद्रातूनच आले." आणि त्यांना आमची कोकणस्थांची गोष्ट सांगितली: किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं, ऋषीने ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली, ते आम्ही. वर हेही सांगितलं की ही मंडळी मुळात इजिप्तकडचीच असावीत असं म्हणणारे विद्वान आमच्यातही निघाले आहेत.

व्याह्यांचा चेहरा असा खुलला की बास. "म्हणजे आपण आधीच नातेवाईक आहोत," ते म्हणाले आणि माझ्या ग्लासात वाइन ओतली. थोडी टेबलक्लॉथवर सांडली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा हात असा झटकल्यासारखा हललेला मी पाहिला. परत येताना ट्रेनमध्ये मी यांना म्हटलं, "माणूस चांगला आहे, पण घेतो." मला स्वतःच्या निरीक्षणाचं कौतुक वाटलं.

नंतर ते आमच्याकडे आले तेव्हा मी आमचा कुलवृत्तांत काढून दाखवला. जाडजूड पुस्तक, आमच्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांची माहिती, पिढ्यांचे तक्ते. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तासभर पानं उलटत बसले. माझ्या वडिलांची नोंद कुठली ते विचारलं, मी बोट ठेवून दाखवलं. त्यात मी कुठे, तेही विचारलं. "अपत्ये: एक कन्या." ही मी. त्यांनी शेजारचा जुना अल्बमही चाळला. एका फोटोवर थांबले: माझे आईवडील, आणि पुढे स्टुलावर दोन मुलं. "हा कोण?" म्हणाले. मी म्हटलं, चुलतभाऊ. आणि चहा टाकायला उठले.

लग्न आपल्या पद्धतीनं झालं. लेस्टरहून गुरुजी आणले होते, तरुण, हेडसेट माइक लावणारे. त्यांनी आधीच ईमेल केला होता: कन्यादानाच्या संकल्पात दोन्ही घराण्यांच्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा मुलगा, तरी नावं आणि गोत्र कळवावं. मुलाच्या गोत्राच्या जागी व्याह्यांनी 'फॅरो' लिहून पाठवलं. गुरुजींनी मला फोन केला, "काकू, कश्यप धरतो, चालेल ना?" ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं कश्यप. चालेल म्हटलं. नावं मात्र व्याह्यांनी व्यवस्थित दिली होती, टाइप करून, उच्चारांसकट. गुरुजींनी ती तिन्ही नावं अग्नीसमोर घेतली तेव्हा किल्ट घातलेला हा माणूस टॉवेलाने डोळे पुसत होता. मलाही भरून आलं.

मुलीला मामा घेऊन येतो, मुहूर्ताला तिच्या पाठीशी उभा राहतो. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मामा म्हणून उभे राहिले. व्याह्यांनी सगळे विधी वाचून ठेवले होते. जेवणाच्या वेळी मला म्हणाले, "खरे मामा नाही आले?" मी म्हटलं, "तिला मामा नाही." त्यांनी जिलबी मात्र अर्धीच खाऊन ठेवली.

दीड वर्षानं लेकीनं फोनवर सांगितलं की दिवस गेलेत. मी इतकी वर्षं कोरडी वागणारी बाई, स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मिडवाइफच्या पहिल्या अपॉइंटमेंटला तिच्याबरोबर मीच गेले होते. दोन पानी प्रश्न. तुमच्या किंवा बाळाच्या वडिलांच्या कुटुंबात कुणाला डायबेटिस, हृदयविकार, आनुवंशिक आजार, मानसिक आजार? लेक प्रत्येकाला नो, नो म्हणत गेली. मध्ये एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबांना शुगर होता ना?" मी म्हटलं, हो, म्हातारपणी. मिडवाइफनं ते लिहून घेतलं.

बारशाला काय द्यायचं यावरून मला कल्पना सुचली, आणि तिथेच माझा आगाऊपणा नडला. मी ठरवलं, दोन्ही घराण्यांचा एक वंशवृक्ष करून फ्रेम करायचा. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला होडी, मध्ये बाळ. फॅरोपासूनचे व्याह्यांनी करावेत, पण शेवटच्या चार-पाच पिढ्या तरी कागदपत्रांवरून पक्क्या कराव्यात, हा माझा लायब्ररीतला खाक्या. रेकॉर्ड सेंटरला जाऊन बसले. व्याह्यांचं लग्नाचं सर्टिफिकेट काढलं. इकडच्या सर्टिफिकेटवर नवऱ्यामुलाच्या आईवडिलांची नावं असतात.

वडिलांच्या जागी दुसरंच नाव होतं. गुरुजींनी अग्नीसमोर घेतलेलं नव्हे.

मला वाटलं, चुकीचा माणूस उघडला. पुन्हा पाहिलं. जन्माचं काढलं, तिथेही तेच. लग्नात घेतलेलं नाव त्या वडिलांच्या थोरल्या भावाचं निघालं. मग मी खऱ्या वडिलांचा मृत्यू शोधला. शेहेचाळिसाव्या वर्षी, उत्तरेकडच्या एका मनोरुग्णालयात. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एका आजाराचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. तो शब्द फोनवर टाइप करून कॅन्टीनमध्ये बसून वाचला. मेंदूचा आजार. हातपाय आपले आपण हलायला लागतात, माणूस चिडका होतो, बोलणं जातं, मग माणूस जातो. बहुतेकांना ऐन उमेदीत, काहींना उशिरा, साठीनंतरही. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी.

मी समोरची कॉफी तशीच ठेवून घरी आले. ट्रेनमध्ये मला त्यांचा तो हात दिसत होता. टेबलक्लॉथवर सांडलेली वाइन. आणि माझं ते 'घेतो' म्हणणं. जावई चौतीस वर्षांचा. लेकीला पाचवा महिना.

हे म्हणाले, "आपण यात पडू नये."

"पडू नये?" मी म्हटलं. "पोर पोटुशी आहे. जावयाला माहीत नाही. मिडवाइफच्या कागदावर खोटं लिहिलंय."

"तुला कसं माहीत की त्याला माहीत नाही?"

"माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं. तो तसला नाही."

"म्हणजे कसला?" यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचं ते पाहणं आवडलं नाही. मी जिना चढून वर निघून गेले.

तीन दिवसांनी, लेकीला न सांगता, मी फाइफची ट्रेन पकडली. पर्समध्ये सर्टिफिकेटची प्रत, पिशवीत डब्यात बेसनाचे लाडू. रिकाम्या हातानं जायची सवय नाही, भांडायला जातानाही. वाटेत मी वाक्यं घोळवत होते. एवढ्या शंभर पिढ्या तोंडपाठ, आणि स्वतःचा बाप गाळलात? हे वाक्य मला फार पसंत पडलं होतं. खरं सांगायचं तर पुलावरून जाताना मी ते पुटपुटलेसुद्धा, समोरच्या बाईनं पाहिलं.

त्यांनी दार उघडलं, लाडू पाहून खूश झाले, चहा केला. कप आणताना बशी वाजत होती. आता मला ती वाजताना ऐकू येत होती. बसल्यावर त्यांचा डावा पाय सारखा हलत होता, त्यावर उजवा पाय टाकून त्यांनी तो दाबून धरला होता. मी वाक्य विसरले. नुसती प्रत काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.  मला वाटलं आता दार दाखवतील.

"मी नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आई एकदाच मला वडिलांना भेटायला घेऊन गेली. ते खुर्चीत होते आणि थांबतच नव्हते. सगळं अंग. मी आईच्या मागे लपलो. त्यांना माझं नाव घ्यायचं होतं, ते तोंडातून निघेना. बसमध्ये आई म्हणाली, आता नको यायला. मग काकांनी मला आपल्या घरी नेलं. त्याच हिवाळ्यात त्यांनी मला ही गोष्ट सांगायला सुरुवात केली." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "रोज थोडी थोडी. म्हणायचे, तू या लोकांमधला आहेस, खुर्चीतल्या माणसाचा नाहीस. मला ते हवं होतं. मी ते धरून ठेवलं."

मी म्हटलं, "लग्नात तुम्ही काकांचं नाव दिलंत."

"मला ज्यानं वाढवलं त्याचं दिलं. तुमच्या धर्मात ते खोटं होतं का?"

 दत्तक गेला तर होत नाही, असलं काहीतरी मनात आलं, पण त्या वेळी धर्मशास्त्र कोण काढणार. मी माझ्या मूळ मुद्द्यावर आले. जरा जोरातच आले. म्हटलं, "तुमच्या मुलाला सांगितलंत का?"

"नाही."

"त्याला बाळ होणार आहे."

"माहीत आहे."

"आणि तुमचा हात?"

त्यांनी हात मांडीखाली घेतला. मोठा माणूस, सहा फुटांचा, आणि शाळेतल्या मुलासारखा हात लपवला.  पण राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "हा तुमचा एकट्याचा प्रश्न नाही. माझी मुलगी तुमच्या घरात दिलीय. तुम्ही आम्हाला फॅरो दाखवलात आणि हे लपवलंत. हे कळण्याचा तिला हक्क होता. लग्नाआधी."

"लग्नाआधी," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहिलं. त्यात उर्मटपणा नव्हता. "तुमच्या पुस्तकात एक कन्या आहे. फोटोत दोन मुलं आहेत. त्या मुलाचं नाक तुमचंच आहे. चुलतभावाचं असेलही तसं. पण लग्नाच्या दिवशी मी मामा कुठे म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता उत्तर दिलंत. मी तसंच उत्तर पन्नास वर्षं देत आलोय."

इथवर मी जे लिहिलं त्यात एक गोष्ट ठेवून दिली होती, ती आता सांगते. मला भाऊ आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कुणीतरी त्याला शिव्या देतं म्हणून त्यानं भिंत खरवडून काढली. औषधं, डॉक्टर, मग पुन्हा तेच. माझं लग्न जमवायचं होतं. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती, घरोघर फॉर्म आले होते. माझ्या वडिलांनी स्वच्छ अक्षरात फॉर्म भरला: अपत्ये, एक कन्या. दादा आतल्या खोलीत बसून रेडिओ ऐकत होता. वडील आईला म्हणाले, "उद्या स्थळं हेच पुस्तक उघडून बघणार." आईनं फॉर्म पाकिटात घातला. पाकीट पोस्टात टाकायला मला दिलं, आणि मी टाकलं. मी बावीस वर्षांची होते, मला वाचता येत होतं, आत काय लिहिलंय ते माहीत होतं. लग्नाच्या वेळी दादाला सांगलीला पाठवलं. यांना लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो नसतो." तेव्हापासून आमच्यात हा विषय बंद.

आईवडील गेल्यावर दादाला वाईच्या पुढे एका संस्थेत ठेवलं. मी दर पुणे वारीत एक दिवस गाडी करून त्याला भेटून येते. लेकीला सांगते, कुलदैवताला जाऊन येते. तिला लहानपणी सांगितलं होतं की तुझा मामा लहान असतानाच गेला. ती तीन-चार वर्षांची होती, पटकन सुटका झाली. पुढे ते दुरुस्त करायला कधी मुहूर्त सापडला नाही. आणि मिडवाइफनं मानसिक आजार हा शब्द उच्चारला तेव्हा मी तिच्या शेजारी बसून होते, तिची पर्स मांडीवर घेऊन.

हे सगळं मी व्याह्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही इंग्रजीत. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "रविवारी मी ग्लासगोला येतो. मी माझ्या वडिलांचं सांगतो. तुम्ही तुमच्या भावाचं सांगा. एकाच टेबलावर."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सोमवारी मी ठाम होते. बुधवारपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की दोन गोष्टी सारख्या नाहीतच. त्यांचा आजार निम्म्या शक्यतेचा, माझ्या भावाचं तसं नाही. त्यात जावयावर एवढं मोठं संकट कोसळणार, त्याच दिवशी आपलं कशाला? पुढच्या महिन्यात सांगू. बाळंतपण होऊ दे. शुक्रवारी मी यांना म्हटलं, "व्याह्यांचं सांगून झालं की पोरांना पुरे होईल, नाही का?" हे भाजी चिरत होते. सुरी न थांबवता म्हणाले, "तुझी मर्जी." हे शब्द यांच्या तोंडून मी आयुष्यात तीनदा ऐकलेत, आणि तिन्ही वेळा मी चुकलेले होते.

रविवारी व्याही टाय लावून आले. बरोबर पुठ्ठ्याच्या नळीत भिंतीवरचा तो वंशवृक्ष. जेवणानंतर त्यांनी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. काकांच्या नावाशेजारी नव्या शाईनं एक नाव लिहिलेलं होतं. अक्षर वेडंवाकडं होतं, हात हलल्यामुळे. त्यांनी मुलाला त्यावर बोट ठेवायला लावलं आणि सगळं सांगितलं. खुर्ची, बस, काका, रुग्णालय. आजाराचं नाव. निम्मं.

जावई उठला, आपली ताटली सिंकमध्ये नेऊन धुतली, पुसली, फडक्यानं पुन्हा पुसली. लेक तोंडावर हात धरून बसली होती. मग तो परत आला आणि बापाला विचारलं, "तुम्हाला आहे?"

"माहीत नाही," व्याही म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

त्यांचा हात टेबलावर हलत होता. जावयानं तो आपल्या हातात घेतला आणि धरून ठेवला. हात थांबला नाही, पण त्यानं सोडला नाही. आपली तपासणी करून घ्यायची की नाही, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. म्हणाला, "उद्या जीपीला फोन करू. तुमच्यासाठी आधी." मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी भीती वाटली, की बसवेना.

मग लेक माझ्याकडे वळली. डोळे लाल. इंग्रजी सोडून मराठीत बोलली, लहान असताना ताप आला की बोलायची तशी. "आई, आपल्याकडे तरी असा काही नाही ना?"

व्याह्यांना शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. ते माझ्याकडे बघत होते. हे वाट्यांकडे बघत होते. नाही म्हणणं किती सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, तिला आधार हवा होता, मी आई होते. तोंडातून नाही निघणारच होतं. मी उठून कपाटातून कुलवृत्तांत आणला आणि तो शाईचा कागद थोडा सरकवून त्याच्या शेजारी उघडला. वडिलांच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"इथे एक कन्या लिहिलंय," मी म्हटलं. "ते खोटं आहे. मला भाऊ आहे. तुझा मामा."

"लहानपणी गेला तो?"

"गेला नाही. तो वाईला आहे. आजारी आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

मी सगळं सांगितलं. आवाज, भिंत, फॉर्म, पाकीट, कुलदैवत. मिडवाइफ. लेक ऐकत होती, एका हातानं पोट धरून. मी वाट बघत होते की ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी येतं.

"लग्नात माझ्या मागे तो उभा राहायला पाहिजे होता," ती म्हणाली.

"हो."

"त्याला माहीत आहे माझा लग्न झाला?"

"नाही."

"बाळाचा?"

"नाही."

ती थांबली. मग हळूच विचारलं, "आई, मी आहे हे तरी त्याला माहीत आहे?"

दादा दर वेळी मला विचारतो, तुला मुलंबाळं काय. दर वेळी मी म्हणते, नाही रे. भाची आहे म्हटलं असतं तर त्यानं भेटायचा हट्ट धरला असता, म्हणून. तो प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस." तीस वर्षं तो माझं सांत्वन करतोय.

"नाही," मी म्हटलं. "मी त्याला सांगितलं नाही."

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग तिनं घड्याळ पाहिलं, दुपारचे दोन, आणि मनातल्या मनात साडेपाच तास मिळवले. टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्यासमोर ठेवला.

"मामाचं जेवण झालं असेल," ती म्हणाली. "लाव."